पाचवी कडी

"कुणाचा डबा लटकलाय गं माझ्या कडीला?"

रुक्मिणीमावशीनं व्हॅनच्या दारातूनच आवाज टाकला. डोक्यावर रिकामी पाटी, काखेत पोत्यांची चळत, आणि एक पाय अजून खाली मातीत. मुंबईतल्या असल्फ्याच्या डोंगरावर नुकतं फटफटायला लागलं होतं.

"माझा हाय," माधुरी आतून म्हणाली. "डब्यानं काय कडी झिजती का मावशे?"

"झिजू दे नाय तर मोडू दे. माझी कडी हाय ती. भाऊनं मला बनवून दिलीय. तुझी तिकडं खिडकीपाशी."

"खिडकीपाशी छत्री हाय माझी."

"मग डबा छत्रीला बांध!"

मागच्या बाकावर बसलेल्या दोघी जावा फिदीफिदी हसल्या. पुढं स्टिअरिंगवर बसलेले भाऊ, म्हणजे अंबादास, वळलेसुद्धा नाहीत, आरशातूनच त्यांनी सगळ्यांची तोंडं पाहिली. "भांडा, भांडा," ते म्हणाले. "डोंगर उतरंस्तोवर काय ते भांडून घ्या. खाली गेल्यावर पोलीस असतोय. तो म्हणंल, ह्या गाडीत माणसं किती आन् तोंडं किती."

पंचवीस वर्षांची ती पांढरी व्हॅन. पांढरी म्हणायची रीत होती, इतकंच. अंबादास जालन्याकडून पोरवयात आले, कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात पाना धरायला शिकले, आणि पुढं या गाडीत त्यांनी जवळजवळ एक घरच मांडलं. डोंगरावरच्या चार बायका भाजी विकायच्या. त्यांना बाजाराला नेणं-आणणं हे त्यांचं काम. गाडीत जिथं जिथं पत्रा रिकामा दिसला तिथं त्यांनी तार वाकवून काही ना काही केलं होतं. पाण्याच्या बाटलीला कोनाडा, तराजूला खाच, आणि दर बाईमागं एक कडी. कुणाची कडी कुठली यावर वस्तीत जितकं भांडण झालं तितकं नळाच्या पाण्यावरूनही झालं नसेल.

दर्शना पुढच्या सीटवर होती. त्यांची थोरली लेक, मुलुंडच्या एका शाळेत ग्रंथपाल. शाळा सकाळची. गाडी बाजाराला निघाली की ती स्टेशनापर्यंत जायची, आणि तेवढ्या वेळात पुस्तकाची सात-आठ पानं व्हायची. गाडीत दिव्याची सोयही अंबादासांनीच करून दिली होती, तिच्या डोक्यावर, पानावर बरोबर उजेड पडेल अशी.

अंबादासांनी वाकून स्टिअरिंगखाली काहीतरी केलं. काय ते दर्शनानं पाहिलं नाही. चावी फिरली, सीटखालचं इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. मग त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "दर्शे, आवाज कसाय गं?"

दर्शनानं पान उलटलं.

गाडी उतरली. स्टेशनापाशी ती खाली उतरली, पिशवी खांद्याला लावली. "सावकाश जा," ते म्हणाले. मागून रुक्मिणीमावशी ओरडली, "पुस्तक खाली घालून चाल गं, खड्डे हायत!" आणि गाडी गेली. तो मार्चमधला मंगळवार.

बुधवारी दुपारी अंबादास जेवून आडवे झाले आणि चहाला उठले नाहीत.

* * *

मे महिन्यात डोंगर तापला. वाटेवरची तांबडी माती पिठासारखी झाली. शेळी चालली तरी धुरळा उडायचा. अंबादासांना जाऊन दीड महिना झाला होता आणि गाडी दर्शना चालवत होती.

लायसन्स तिच्याकडं आठ वर्षं होतं, ते कपाटात. पण शाळेला सुट्टी होती, जूनपासून तिनं दुपारची पाळी मागून घेतली होती, आणि चार बायका रोज पाटी डोक्यावर घेऊन दारासमोरून जाताना तिच्या आईकडं, मीराबाईकडं बघून नुसतं "जयभीम वहिनी" म्हणायच्या आणि पुढं काहीच म्हणायच्या नाहीत. ते न म्हणणं तिला सोसवेना. एका पहाटे तिनं चावी घेतली.

पहिल्याच दिवशी प्रश्न पडला तो आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हत्यारांच्या पिशवीचा. कॅनव्हासची जाड पिशवी, आत पाने, पक्कड, हातोडी, चष्म्याची एक काडी. आबा ती सीटमागं ठेवायचे, पण तिथं आता कांद्याचं पोतं येत होतं आणि बायकांचे पाय लागत होते. आबांच्या हत्यारांना पाय लागलेला तिला चालेना. तिनं इकडंतिकडं पाहिलं. गाडीत चार कड्या चौघींच्या. आणि पाचवी, स्टिअरिंगखाली, डाव्या गुडघ्यापाशी लोंबणारी, तारेला बांधलेली लोखंडी कडी. तिच्यावर कुणाची मालकी नव्हती.

"ही आबांची," ती म्हणाली. "स्वतःसाठी केलेली."

"अगं, केलेली असणारच," रुक्मिणीमावशी म्हणाली. "सगळ्यांचं करून स्वतःचं शेवटी. तसाच होता भाऊ."

दर्शनानं पिशवी कडीला अडकवली. गाडी एका चावीत लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग धूर सुरू झाला.

सुरुवातीला चढावर. मग सपाटीवर. मागून काळा भपकारा, आत पेट्रोलचा वास असा की डोळे चुरचुरायचे. रिक्षावाले बाजूला येऊन ओरडायचे, "मॅडम, भट्टी लावली काय?" टाकी भरली म्हणेपर्यंत रिकामी. सिग्नलला उभी राहिली की गाडी धापा टाकायची, जणू डोंगर तीच पाठीवर घेऊन चढली.

"माझ्या कोथिंबिरीची वाट लावली या गाडीनं," माधुरी म्हणाली. "काल एक गिऱ्हाईक जुडी हुंगून म्हणतं, मळ्यातनं आणली का पंपावरनं?"

"मग सांगायचं ना, लवकर शिजती म्हणून," एक जाऊ म्हणाली.

हसणं झालं, पण धूर काही हसण्यावारी जाईना. गाडीची पंचवीस वर्षं भरली होती. नोंदणी पुढं चालवायची तर येत्या सोमवारी आरटीओत दाखवायची होती, आणि त्याआधी धुराच्या तपासणीचा दाखला हवा होता. दर्शना तपासणीला दोनदा गेली. दोनदा तिथल्या माणसानं नळी मागं घातली, पडद्याकडं पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्या वेळी तर त्यानं रुमाल नाकाला लावला.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ प्रितम घरी आला. तो स्पष्ट बोलला. "ताई, मी काय दुष्मन आहे का गाडीचा? पण सोमवारी नापास झाली तर रस्त्यावर आणता येणार नाही. भंगारवाल्याला मी सांगून ठेवतो. आबा गेले, आता गाडीला किती दिवस धरून बसणार?"

"सोमवारपर्यंत," दर्शना म्हणाली.

"आणि नापास झाली तर?"

"तर तू म्हणशील तसं."

आतून मीराबाई ऐकत होत्या. त्यांनी भाकरी उलटली.

* * *

श्यामकांत मिस्त्रींचं गॅरेज वाकोल्याला. मूळचे कुडाळकडचे, कुर्ल्याच्या त्या वर्कशॉपात अंबादासांच्या शेजारच्या बाकावर शिकलेले. त्या वर्कशॉपाचा एक कायदा होता: माणूस शर्ट देईल, डब्यातली चपाती देईल, पण आपला पाना दुसऱ्याच्या हातात देणार नाही. अंबादासांनी तो कायदा मरेपर्यंत पाळला. म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यावर आलं की दर्शना न चुकता पिशवी कडीवरून काढायची आणि मांडीवर घ्यायची. श्यामकाका झाले तरी काय झालं.

ती तिथं तीनदा गेली होती. पहिल्या वेळी श्यामकाकांनी सीट उचलली आणि इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून तिच्यासमोर धरला.

"बघ गो बाय. काळो. चुलीच्या बुडासारखो. चांगल्या गाडयेचो प्लग कसो असता? नाचणीच्या भाकरीसारखो, तांबूस. ह्यो काळो आणि सुको, म्हणजे इंजिनाचा तेल जळत नाय. पेट्रोल जास्ती, हवा कमी."

बरोबर आलेली रुक्मिणीमावशी वाकून बघत होती. "म्हंजे चूल धुपायलीय," ती म्हणाली. "लाकूड कोंबलंय आन् वारा मिळंना."

श्यामकाकांनी तिच्याकडं पाहिलं. "तू काय गॅरेज काढतंस काय गो?"

"काढीन की. तुमच्यापेक्षा बरं चालंल. आधी सांगा, हिचा वारा जातो कुठनं?"

वारा जातो ती जाळी त्यांनी बदलली. कार्बोरेटर खोलून धुतला. आतला तरंगता पोकळ तुकडा कानाशी धरून हलवला. त्यात पेट्रोल शिरलं असतं तर खुळखुळलं असतं. तो गप्प होता. शेवटी चोकची झडप बोटानं दाबून सोडली. सकाळी थंड गाडी उठवायला हिनं तिचं तोंड जरा वेळ दाबतात, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जावं म्हणून, असं त्यांनी सांगितलं. झडप टणकन उघडली. डॅशबोर्डवरचं चोकचं बटणही पूर्ण आत, म्हणजे बंद होतं.

"सगळा बरोबर असा," ते म्हणाले, आणि स्वतः एक फेरी मारून आले. दर्शना शेजारी बसली, मांडीवर पिशवी. गाडी लोण्यासारखी चालली. धुराचा मागमूस नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना पुन्हा काळा भपकारा.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा श्यामकाका डोकं धरून स्टुलावर बसले. "माझ्याकडे येता तेव्हा शाण्या चेडवासारखी, गुणी पोरीसारखी चलता. तुझ्याकडे गेली की बिडी ओढूक लागता. चाळीस वरसां ह्या धंद्यात आसंय, गाडयेन माका वेडो कधी ठरवूक नाय."

"भाऊच्या मागं रुसलीय ती," बरोबर आलेली एक जाऊ हळूच म्हणाली. "दुसऱ्याचा हात तिला नको."

"गप गं," रुक्मिणीमावशी खेकसली. "पत्र्याला कसला रुसवा? आपण काय अंगारे-धुपारे करणारी माणसं हाय का? काहीतरी कारण हाय. सापडंना एवढंच."

दर्शनानं पिशवी उचलून खांद्याला लावली. ती जावेचं बोलणं मानत नव्हती. पण रात्रभर तेच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं, हेही खरं.

* * *

शेवटी श्यामकाकाच म्हणाले, "गॅरेजात ही माका फसवता. रस्त्यावर पकडूया. रविवारी मी येतंय. बायका, पाटये, पोती, सगळी रोजच्यासारखी हवीत. चढावर इंजिन एकदम बंद करूचा आणि तसोच प्लग काढून बघूचो. मग खोटा बोलूक वेळ गावूचो नाय तिका."

रविवारी सकाळी बाजारातून परत येताना गाडीत चार बायका, कोथिंबीर, भेंडी, दोन पोती कांदे, आणि पुढच्या सीटवर मांडीवर दुधीची पाटी घेतलेले श्यामकाका.

"मिस्त्री, दुधीला धक्का लावू नका," मागून सूचना आली.

"अगो, दुधीयाच माका धक्के देतत!"

डोंगराचा चढ लागला. गाडी खोकायला लागली, मागं काळी शेपटी. वाटेकडेच्या पिंपाच्या मागं लपलेली रुक्मिणीमावशीची कोंबडी फडफडून बाजूला झाली. अर्ध्या चढावर श्यामकाकांनी हात वर केला. "थांबव! ब्रेक दाबून धर. इंजिन चालू ऱ्हांवदे, मी सांगतंय तेव्हा बंद." त्यांनी खिसे चाचपले, मग पुन्हा चाचपले. चेहरा उतरला. "मेल्या! प्लगाचो पानो गॅरेजात ऱ्हवलो."

"हे मिस्त्री," रुक्मिणीमावशी म्हणाली. "डॉक्टर आले, सुई घरी."

दर्शनानं क्षणभर थांबून डाव्या हातानं पिशवी कडीवरून काढली. "आबांचा आहे," ती म्हणाली.

कडी वर गेली. टक्.

आणि इंजिनाचा आवाज बदलला.

धापा थांबल्या. खोकला थांबला. सीटखालून एक सारखी, नीट गुरगुर यायला लागली. सगळ्यात आधी मागच्या बाकावर शांतता पसरली, आणि त्या बाकावर शांतता ही गोष्ट इतकी नवी होती की दर्शनानं वळूनच पाहिलं. माधुरी मागच्या काचेला नाक लावून बसली होती.

"धूर गेला," ती म्हणाली.

दर्शनानं पिशवीकडं पाहिलं. मग कडीकडं. सावकाश तिनं पिशवी पुन्हा अडकवली. कडी खाली आली. इंजिन धडधडलं, गुदमरलं.

"आला!" माधुरी ओरडली.

पिशवी काढली. टक्.

"गेला!"

"बाजूक हो, बाजूक हो," म्हणत श्यामकाका दुधी सोडून स्टिअरिंगखाली घुसले. त्यांचे पाय दाराबाहेर आणि आवाज आतून. "सायकलीच्या ब्रेकाची तार ही! सरळ चोकाक गेल्या. डॅशबोर्डावरचा बटण नुसता शोभेचा. अंबादासा, मेल्या, माका कधी सांगलंस नाय!" ते बाहेर आले, केसांत जळमटं. "गो बाय, ही पिशवी अडकवूची कडी नाय. ह्यो चोक. महिनोभर तू हिचा तोंड दाबून डोंगर चढवतंस!"

मग रुक्मिणीमावशीच्या पोटातून काहीतरी निघालं, आधी उचकीसारखं, आणि बघता बघता तिचं सगळं अंग हलायला लागलं. "आगं आई गं," ती म्हणाली, "भाऊच्याच हत्यारानं भाऊची गाडी गळफासाला!" माधुरी कोथिंबिरीवर कोसळली. जावा एकमेकींच्या खांद्यावर. श्यामकाका दाराला टेकून डोळे पुसत होते. "आणि गॅरेजात येताना ही पिशवी काढून मांडयेर घी. म्हणून माझ्याकडे शाणी!"

दर्शनाही हसली. आबा गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज करून. ती थांबायला गेली तर तिला थांबता येईना.

हसू ओसरल्यावर तिनं हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं आणि पिशवी श्यामकाकांपुढं धरली. "घ्या काका. प्लग काढा."

श्यामकाकांनी हात मागं घेतला. "मी नाय. अंबादासाचो पानो मी धरूचंय नाय. तू धर. मी सांगतंय तसा कर."

चढावर भर उन्हात, सीट उचलून, दर्शनानं पहिल्यांदा तो पाना हातात घेतला. मुठीपाशी आबांच्या बोटांनी लोखंड गुळगुळीत झालं होतं. तिचं बोट तिथंच बसलं. प्लग निघाले, काळेकुट्ट. माधुरीनं पुसायला आपल्या पदराचं टोक दिलं, ते तिनं घेतलं नाही; पिशवीतच पॉलिश कागदाचा तुकडा सापडला. घासले, बसवले. चावी फिरवली.

"आवाज कसो?" श्यामकाकांनी विचारलं.

दर्शनाचा हात चावीवरच राहिला. "आबा रोज हेच विचारायचे."

"विचारतलोच. तेका धड ऐकाक खंय येय होता? दोन वरसां झाली कान गेल्याक. तुमका सांगल्यान नाय, गाडी बंद करशात म्हणून."

"मग... मी तर कधी उत्तरच दिलं नाही, काका."

"माका म्हाईत असा. माका सांगी तो." श्यामकाकांनी रुमालानं मान पुसली आणि अंबादासांचं बोलणं अंबादासांच्याच बोलीत, जमेल तसं, म्हणून दाखवलं. "‘लेक पुस्तक वाचत ऱ्हायली म्हंजे आवाज चांगलाय. बिघडला की ती डोकं वर काढती. तिचा कान लई बारीक. तिच्यावरच चाललीय माझी गाडी.’"

दर्शना समोर रस्त्याकडं बघत राहिली. मग माधुरी म्हणाली, "चला ना, कोथिंबीर मान टाकायलीय," आणि गाडी वर चढली.

* * *

सोमवारी तपासणीच्या माणसानं नळी घातली, पडदा पाहिला, नळी काढून पुन्हा घातली आणि पुन्हा पाहिला. "हीच गाडी ना?" त्यानं विचारलं. आरटीओतून प्रितमचाच फोन आला आईला. "पाच वर्षं मिळाली, आई. आणि भंगारवाल्याला मी कळवतो नको म्हणून. ताई मघापासून तेच विचारतेय."

मंगळवारी पहाटे गाडी दारात उभी होती. रात्री वारा सुटला होता, हवेत किंचित गारवा होता. दर्शना पिशवी हातात घेऊन गाडीपाशी आली आणि उभी राहिली. ठेवायची कुठं?

"आण इकडं," रुक्मिणीमावशी आतून म्हणाली. तिनं आपल्या कडीवरचा डबा काढून मांडीवर घेतला होता. "माझ्या कडीला लाव."

"आणि तुमचा डबा?"

"बसंल माझ्या मांडीवर. नातवासारखा."

"मावशे," माधुरी म्हणाली, "माझा डबा एक दिवस लटकला तर डोंगर डोक्यावर घेतलास तू."

"तुझा डबा आन् भाऊची हत्यारं सारखी का? छत्री उचल, पायात येती."

पिशवी कडीला लागली. दर्शना स्टिअरिंगवर बसली. वाकून तिनं पाचवी कडी खाली ओढली, अगदी थोडी, आणि चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. तिनं कडी हळूहळू सोडली. टक्. सीटखालची गुरगुर एकसारखी झाली. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावरचा छोटा दिवा चालू होता. कुणी लावला, तिच्या लक्षात आलं नाही.

मागं छत्रीवरून जुंपली होती. दर्शनानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"चांगलाय, आबा," ती मोठ्यानं म्हणाली, बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आवाज चांगलाय. मी रोज ऐकत होते."